काळा स्प्रूस

अलास्का व कॅनडा येथील दलदलीत काळा स्प्रूस उभा असतो. खाली भूमी बारमाही गोठलेली. म्हणून त्याची मुळे वरवरच पसरतात. मनगटाएवढ्या खोडाचे वय कधी शंभर वर्षांहून अधिक भरते! रूप म्हणाल, तर अगदीच किरकोळ. शेंड्याशी मात्र राळेने मिटलेल्या शंकूंचा झुबका असतो. वणव्यात झाड बहुधा मरते. पण राळ वितळून शंकू उघडतात आणि जळलेल्या भूमीवर बी ओघळते.

अलीकडे वणवे काही ठिकाणी लवकर परतू लागले आहेत. २००४ साली अलास्कात २६ लक्ष हेक्टर भूमी जळाली. शंकू धरण्याच्या आतच कोवळ्या झाडांना दुसरी आग गाठते, तेव्हा ओघळायला बीज उरत नाही. त्या जागी बर्च आणि ॲस्पेन रुजतात.