सात सत्तावन्न

१९६७ साली बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई एका दवाखान्यात कामाला लागली. तिची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची आणि माझी शाळा अकराला भरायची. मधले चार तास पोरीला कुठे ठेवायचं, हे आईने कुणाला विचारलं नव्हतं. खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका होते. त्यांनीच तिला एकदा जिन्यात थांबवलं आणि म्हणाले, "वहिनी, हिला दुकानात बसू दे की. फळीवर जागा आहे."

मिरजेच्या त्या दुकानातल्या फळीवर मी पाच वर्षं बसले.

काकांच्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि पुढ्यात पांढऱ्या कागदावर उघडलेलं घड्याळ. कोपऱ्यात मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ. तो तापायला वेळ घ्यायचा, म्हणून ते साडेसाताच्या आधीच सुरू करून ठेवत. साडेसातला सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागायची. पुढे त्या देशाचं नाव बदललं, केंद्राचंही बदललं, पण आमच्याकडे कुणी सिलोनला दुसरं काही म्हटल्याचं आठवत नाही. त्या अर्ध्या तासातलं शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं असायचं. रोज. सात सत्तावन्न झाले की काका चिमटा खाली ठेवत, भिंग काढत आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसत. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानेच 'बसा' म्हणून खुणावत.

माझ्याकडे बटण होतं. "तुझी बोटं बारीक आहेत," असं म्हणून त्यांनी ते काम मला दिलं होतं. कोलंबोहून निघालेल्या शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात वर जाऊन, तिथून परतून आमच्या जाळीच्या एरियलवर यायच्या. त्यामुळे आवाज लाटेसारखा चढायचा आणि मध्येच पार बुडायचा. तो बुडाला की मी घाबरून बटण फिरवायची आणि दुसरंच एखादं स्टेशन किंचाळायला लागायचं. काका रागावले नाहीत. "आवाज गेला म्हणून हात लावायचा नाही, पोरी. काटा जागेवर आहे ना? मग थांबायचं. तो येतो." आणि तो यायचा. ओळीचा अर्धा भाग गिळून, पण नेमका तिथेच यायचा.

सैगलविषयी मला जे कळलं, ते आधी काकांकडून. पुढे वाचून मी त्यात भर घातली एवढंच. १९०४ साली जम्मूत जन्म. गाण्याची रीतसर तालीम नाही. तरुणपणी रेल्वेत टाइमकीपर, मग रेमिंग्टन टाइपरायटरचा विक्रेता. टाइमकीपर म्हणताना काकांच्या आवाजात हक्क यायचा, जणू आपल्याच धंद्यातला माणूस. मग कलकत्त्याचं न्यू थिएटर्स, संगीतकार रायचंद बोराल आणि १९३५ चा 'देवदास'. १९४७ च्या १८ जानेवारीला जालंधरला तो गेला, तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. म्हणजे मी ऐकत होते तो माणूस माझ्या जन्माच्या अकरा वर्षं आधी गेलेला होता आणि तरी रोज सकाळी वेळेवर येत होता. नऊ वर्षांच्या मला त्यात काहीच अशक्य वाटत नव्हतं.

लताबाईंची गोष्टही काकांनीच सांगितली. ती लताबाईंनी स्वतः मुलाखतींतून सांगितलेली आहे. त्यांनी हौसेने पहिला रेडिओ घेतला, तो लावला आणि कानावर आली ती सैगल गेल्याची बातमी. त्यांनी तो रेडिओ परत करून टाकला. मंगेशकर मंडळी काही काळ आमच्या शेजारच्या सांगलीत राहिलेली, त्यामुळे काका हे घरातलं दुःख सांगावं तसं सांगत.

पुढे नोकरीसाठी मी मुंबईत आले. पहिल्या वर्षाच्या पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून एक जुना ग्रामोफोन घेतला आणि चोरबाजारातून सैगलच्या तबकड्या आणल्या. 'बाबुल मोरा' आम्ही रेडिओवर कितीदा ऐकलं असेल! १९३८ च्या 'स्ट्रीट सिंगर'मधली ही भैरवी. पार्श्वगायनाची सोय न्यू थिएटर्समध्ये तीन वर्षं आधीच आली होती, पण सैगलने हट्ट धरला आणि कॅमेऱ्यासमोर, रस्त्यातून चालत, तिथल्या तिथे गाऊन ती चित्रित केली. माइक आणि वादक चौकटीबाहेरून त्याच्याबरोबर चालत होते. चित्रपट पाहिला तेव्हा कळलं, की पडद्यावरचं आणि तबकडीवरचं गाणं एक नव्हे. त्या काळी तबकडीसाठी गाणं वेगळं गायलं जायचं, तीन-सव्वातीन मिनिटांत बसवून. पडद्यावर तो रस्त्याने चाललेला फिरस्ता आहे. तबकडीवर तो आपल्या शेजारी, फळीवर बसून गातो. माइकसमोर आवाज चढवावा लागत नाही, हे आपल्याकडे त्याच्याइतकं कुणाला उमगलं होतं असं मला वाटत नाही. बुडणाऱ्या लहरींवर जे कधी पोचलं नव्हतं, ते त्या तबकडीवर ऐकू आलं. शब्द टाकण्याआधी तो हलकेच श्वास घेतो. हे काकांना सांगायचं म्हणून मी पत्र लिहायला घेतलं. ते पुरं झालं नाही. दिवाळीत जाऊ तेव्हा समोरच सांगू, असं म्हटलं. दिवाळीच्या आधी काका गेल्याचं कार्ड आलं.

काकूंना भेटायला गेले, तेव्हा दुकान रिकामं झालं होतं. रेडिओ भाच्याने नेला होता. काकूंनी माझ्यासाठी दुरुस्तीच्या वह्या काढून ठेवल्या होत्या. तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, घड्याळाचा बिघाड, रक्कम आणि समासात पेन्सिलीने त्या सकाळच्या गाण्याचे पहिले दोन शब्द. जिथे ऐकू आलं नसेल तिथे नुसती आडवी रेघ.

बाबांचं घड्याळ काकांनी दुरुस्त करून दिलं होतं. ते वर्षभर पेटीत पडून बंद पडलेलं. आईने पैसे पुढे केले तेव्हा "लिहून ठेवलेत, बघू नंतर," एवढंच ते म्हणाले होते. आईला ते देणं शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. मी १९६८ ची वही उघडून ते पान शोधलं. आईचं नाव होतं. बिघाड : तेल सुकले, स्प्रिंग बदलली. समासात 'बाबुल मोरा'. आणि रकमेच्या रकान्यात काकांच्या बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं : मुलगी ऐकायला बसते.