उभं जहाज, चालतं ऑफिस

लखनौमध्ये अलीगंजला आमच्या घरातली गच्चीवरची खोली म्हणजे माझं ऑफिस. परवा एका लेखासाठी जहाजावरच्या ऑफिसची माहिती शोधत होते. लंडनला थेम्स नदीत १९३४ सालची 'वेलिंग्टन' ही जुनी युद्धनौका उभी आहे. व्यापारी जहाजांच्या कप्तानांच्या संस्थेने १९४८ ते २०२३ असं ७५ वर्षं तिच्यावर आपलं मुख्यालय चालवलं. गंमत वाटते ना? पण रोज भरती-ओहोटीबरोबर अख्खं ऑफिस वर-खाली होणार, पाण्याखालचा पत्रा गंजणार, आणि डागडुजी कधीच संपणार नाही!

मला आपली 'विक्रांत' आठवली. लहानपणी मुंबईला मामाकडे गेले, तेव्हा बाबांचा हात धरून ती पाहिली होती. १९९७ मध्ये ती नौदलातून निवृत्त झाली, मग संग्रहालय झाली. २०१२ मध्ये तेही बंद पडलं आणि २०१४ मध्ये ती भंगारात तोडली. तिच्यावर प्रेम सगळ्यांचं होतं, पण नुसत्या प्रेमाने लोखंडाचा गंज थांबत नाही.

आजी गेल्यापासून साताऱ्याचं आमचं घर बंद आहे. काका म्हणतात, विकूया. बाबा म्हणतात, आठवण म्हणून असू दे. मी दोघांना सांगितलं, "दिवाळीनंतर महिनाभर लॅपटॉप घेऊन मी तिथे राहते. आधी गळकी कौलं बदलूया."

बाबा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर होता.