ओ देणारं बटण

आयर्लंडमधल्या नव्या घरांच्या आतल्या भिंतींना भिंत म्हणणं हा निव्वळ मनाचा मोठेपणा. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्याला दोन्ही बाजूंनी जिप्समचे तक्ते, मधे पोकळी, वरून पांढरा रंग. फोटो टांगायचा तर आधी बोटाने ठोकून आत लाकूड कुठे आहे याचा अंदाज घ्यावा लागतो. अशा घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली असते, तिला इथे बॉक्स रूम म्हणतात. तिथे पलंग टाकला तर खुर्ची मावत नाही आणि खुर्ची ठेवली तर माणसाला वळता येत नाही. ती माझी कचेरी. भिंतीपलीकडे झोपायची खोली.

बायको इस्पितळात. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात ती सकाळी साडेआठला घरी येते, चहा घेते, जाड पडदे ओढते आणि नऊला आडवी होते. माझा दिवस त्याच मिनिटाला सुरू होतो. हिवाळ्यात पुण्यात तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि तिकडची मंडळी जेवून, ताजीतवानी होऊन माझी वाट बघत असतात.

‘तुझा तो माऊस मला झोपेत ऐकू येतो,’ ती एका संध्याकाळी उठल्या उठल्या म्हणाली.

हिला छपरावर कोसळणारा पाऊस चालतो. कचऱ्याची गाडी डबे आदळत गल्लीतून गेली तरी ही कूस बदलत नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा तर रोजचाच. आणि झोपमोड कोणी करावी, तर बोटाच्या पेराएवढ्या बटणाने! पण विचार केल्यावर पटलं. घड्याळाची टिकटिक कान सोडून देतात, कारण पुढचा ठोका कधी पडणार हे त्यांना ठाऊक असतं. माऊसचं तसं नाही. तीन टक्, मग बराच वेळ काही नाही, मग एक, लगेच दोन. त्या मधल्या शांततेतच कान टवकारून बसतात. शिवाय हिला त्या आवाजाचा अर्थही लागायला लागला होता. ‘सारख्या अंतराने टक्, टक्, टक् आलं की समजावं, साहेब काम करत नाहीयेत, डाफ्टच्या साइटवर विकाऊ घरांचे फोटो बघतायत.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यातच डावं बटण चाचरायला लागलं. एकदा दाबलं की दोनदा दाबल्याचं संगणकाला वाटायचं. नुसती निवडायची म्हणून बोट ठेवलेली फाइल सताड उघडायची. ओढून नेत असलेली गोष्ट वाटेतच हातातून सुटायची आणि भलत्याच फोल्डरात जाऊन पडायची. म्हणजे आवाजही मोठा आणि बोलणंही अडखळत.

‘फेकून दे आणि नवा आण’ हा सल्ला मला जवळजवळ सगळ्यांनी दिला, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो बिनतोड होता. 2025 मध्ये इथलं किमान वेतन ताशी साडेतेरा युरो. साधा बरा माऊस पंधरा-वीस युरोला मिळतो. म्हणजे तो दुरुस्त करायला कोणी दीड तास घालवला, तर तेवढ्या वेळाच्या किमान मजुरीत नवा माऊस येतो. युरोपीय संघाने 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला; त्यात कपडे धुण्याची यंत्रं आहेत, फ्रिज आहेत, फोन आहेत, वेल्डिंगचं सामानसुद्धा आहे. माऊस नाही. त्याच्यासाठी नगरपालिकेच्या केंद्रावरचा मोठा पिंजरा. विजेवर चालणाऱ्या जुन्या वस्तू तिथे 2005 पासून फुकट घेतात, आणि त्यांच्या गुंतलेल्या शेपट्यांचा ढीग बघून पोटात कालवतं.

तसं पाहिलं तर हा देश माऊसला परका नाही. कॉर्क शहराच्या हॉलीहिल टेकडीवर ॲपलने 1980 मध्ये कारखाना काढला, तोही जेमतेम साठ माणसांनिशी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लॉजिटेकनेही माऊस बनवायला त्याच शहरात बस्तान बसवलं. कॉर्कच्या पावसात जुळवलेले माऊस युरोपभरच्या टेबलांवर फिरले. पुढे ते काम चीनमधल्या सुझोला गेलं. आता इथे कंपन्यांची कार्यालयं आहेत, कर आहेत, आणि माऊस सगळे बाहेरून येतात.

मी माऊस उलटा केला. तळाशी चार गुळगुळीत पाय असतात. त्यांच्याखालीच स्क्रू दडवलेले असतात, म्हणजे कोणी सहजासहजी आत डोकावू नये. पायांवर केस वाळवायच्या यंत्राचा गरम वारा धरला की डिंक सैल पडतो आणि नखाने ते उचलता येतात. वरचं कवच निघालं. चाकाच्या आसाभोवती केस, लोकर आणि काहीतरी पिवळसर भुगा यांची वात वळलेली होती. भुगा चिवड्याचा असावा. आणि समोर, डाव्या बटणाच्या पोटाखाली, काळी चौकोनी डबी: तुरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी, माथ्यावर टाचणीच्या डोक्याहून जरा मोठा पांढरा ठिपका. तोच स्विच. टक् तिथून येतं.

डबीचं झाकण सुईच्या टोकाने उचललं तर आत जवळजवळ काहीच नाही. तांब्याच्या मिश्रधातूची कागदाहून थोडी जाड अशी एक पट्टी, मधे कापून कमानीसारखी वाकवलेली. पांढरा ठिपका दाबला की पट्टीवर ताण चढत जातो, चढत जातो, आणि एका क्षणी ती उलटून फटकन खालच्या ठिपक्यावर आदळते. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा, पोटाला अंगठ्याने दाबला की कानठळ्या बसवणारा. हे त्याचंच नातवंड. पट्टी हळूहळू खाली गेली असती तर वीज धड जोडली नसती आणि धड तुटलीही नसती. म्हणून ती उडी मारते. दाब कितीही संथ असो, उडी ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेगानेच. आवाज हा त्या उडीचा.

हा असा स्विच 1930च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, फ्रीपोर्ट नावाच्या गावात घडला. जपानमध्ये पहिला मायक्रोस्विच 1943 मध्ये ज्या कंपनीने बनवला, तिचं आजचं नाव ओमरॉन. ते पडलं क्योटोमधल्या ओमुरो या भागावरून, उशिरा फुलणाऱ्या बुटक्या चेरीसाठी तो प्रसिद्ध आहे. जगातल्या असंख्य माऊसांच्या पोटात तिचेच स्विच असतात. डग्लस एंगेलबार्टने कॅलिफोर्नियात पहिला माऊस 1964 मध्ये करवून घेतला, तो लाकडी ठोकळ्याचा होता. खाली एकमेकींना काटकोनात दोन चाकं आणि वर एकच बटण. बिल इंग्लिश या सहकाऱ्याने तो प्रत्यक्ष बनवला. 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्टने माऊस चारचौघांत चालवून दाखवला, तेव्हा लोक पडद्याकडे बघत होते. बटणाचा आवाज कोणी ऐकला असेल असं वाटत नाही.

चाचरण्याचं कारण कळल्यावर मला गंमत वाटली. मोठ्या प्रवाहाच्या स्विचमध्ये जोड लागताना आणि तुटताना बारीक ठिणगी पडते आणि धातूवर चढलेला गंज तिथल्या तिथे जळून जातो. माऊसमधला प्रवाह इतका क्षीण की ठिणगीच नाही. राप साचतच जातो. त्यात पट्टीचा ताण वापराने कमी होतो. पट्टी आदळल्यावर चेंडूसारखी थोडी उसळतेच. दर वेळी उसळते, नव्या स्विचमध्येही. माऊसमधली चिप सेकंदाचे काही हजारावे भाग मुद्दाम थांबते आणि ती उसळी मोजत नाही. स्विच म्हातारा झाला की उसळी त्या मुदतीबाहेर जाते आणि एकाचे दोन होतात. दोन क्लिक अर्ध्या सेकंदाच्या आत आले की विंडोज ते जोडक्लिक धरतं. बिचाऱ्या संगणकाचा काय दोष?

साफ करून काम भागलं असतं, पण आवाजाचं काय? त्यासाठी मूक स्विच मिळतात. पाय तेच तीन, अंतर तेच, फक्त पट्टी आदळते तिथे मऊ आधार असतो. ते आणायचे कुठून, हा डब्लिनमधला खरा प्रश्न. असले सुटे भाग काउंटरवर एकेक मिळायचे ती मॅप्लिनची दुकानं 2018 मध्ये मिटली. ब्रिटनहून मागवावं तर 2021 पासून मधे कस्टम्स उभं. दोन युरोची वस्तू, वर तेवीस टक्के व्हॅट आणि पोस्टाची हाताळणी. बाबा उन्हाळ्यात येणार होते. त्यांना फोन केला.

‘दोनच?’ बाबा म्हणाले. ‘अरे, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन दोन मागितले तर दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत बसेल.’ ते दहा घेऊन आले, मेतकुटाच्या पिशवीत गुंडाळून. त्यामुळे स्विचला आठवडाभर खमंग वास होता.

आता सोल्डरिंग. माझ्याकडे आयर्न नव्हतं आणि हातही नव्हता. महिन्याच्या एका शनिवारी जवळच्या सभागृहात रिपेअर कॅफे भरतो. ही पद्धत ॲम्स्टरडॅममध्ये 2009 साली सुरू झाली. जाणकार लोक येऊन बसतात, तुम्ही मोडकी वस्तू न्यायची, चहा-बिस्किटं खायची आणि दुरुस्ती बघायची. माझ्या वाट्याला साठीच्या एक बाई आल्या. गोलवेच्या. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. माऊसच्या आत एकदा नजर टाकून म्हणाल्या, ‘बस. गरम चहा कोपरापासून लांब ठेव.’

बाई तरुणपणी गोलवेजवळ बॅलीब्रिटला डिजिटल नावाच्या कंपनीच्या कारखान्यात होत्या. त्या कंपनीने 1971 मध्ये तिथे संगणक बांधायला सुरुवात केली होती. 1993 मध्ये ते काम बंद झालं आणि 780 माणसं एका फटक्यात रिकामी झाली. बाई हे हवामानाची बातमी सांगावी तसं सांगत होत्या. हात चालूच. जुनं कथील तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपून घेतलं, तिन्ही पाय एकामागून एक सोडवले, स्विच चिमट्याने अलगद वर. त्या छिद्रांवर भिंग धरून त्यांनी माझ्याकडे सरकवलं: तीन गोल, कडेला चकचकीत चांदीची वेटोळी, एकही भाजलेलं नाही. नवा स्विच बसला, तीन चिमुकले ठिपके झाले. ‘उजवा?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, राहू दे, तो क्वचितच लागतो. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. दोन बटणं दोन तऱ्हेची, हे त्यांच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. पैसे घेतले नाहीत. डब्यात नाणी टाकायची असतात, ती टाकली.

घरी आल्यावर चमत्कारिक वाटायला लागलं. बटण दाबलं की दबायचं, पण बोलायचं नाही. ‘पाठवा’वर दाबून मी बघत राहायचो: गेलं का? परत दाबायचो. त्या टक्ला आपण आवाज म्हणतो, त्रास म्हणतो, पण ती ओ असते. आपण हाक मारलेली असते आणि यंत्राने ‘ओ’ दिलेली असते. काम व्हायला वेळ लागो, ऐकलंय एवढं तरी कळतं. मूक बटण म्हणजे आज्ञाधारक पण तोंड न उघडणारा माणूस. त्याच्यावर विश्वास बसायला आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात मी बऱ्याच जणांना तीच ईमेल दोनदा पाठवायच्या बेतात होतो. आता बोटाला सवय झाली आहे. पट्टीची उडी अजून आत होतेच, फार हलकी. कानाला नाही, पेराला कळते. बायको झोपते. मी घरांचे फोटो निवांत बघतो, आणि तिला ते कळत नाही असं मला वाटतं.

उरलेल्या स्विचची वार्ता इथल्या मराठी मंडळींत पसरली. गणपतीच्या आरतीनंतर लोक माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात आपापल्या माऊसची दुखणी सांगायला लागले, आणि मी त्यांना शनिवारची वेळ सांगायला लागलो. एक मूक स्विच मी ॲडम्सटाऊनच्या एका मित्राच्या मुलाला देऊ केला. बारा-तेराचा पोरगा, दिवसरात्र माइनक्राफ्ट.

‘काका, सायलेंट नको,’ तो म्हणाला. ‘त्याला काही फील नसतो. तुमचा तो जुना आहे का? डबल क्लिक होणारा?’

‘अरे, तो बिघडलाय.’

‘म्हणूनच! एकदा दाबलं की दोन हिट बसतात. काही सर्व्हर बॅन करतात, पण सगळे नाही.’

जुना स्विच मी टाकला नव्हता, मेतकुटाच्या त्याच पिशवीत ठेवला होता. पोराने तो पिशवीसकट खिशात घातला आणि मग आईची नजर चुकवून पिशवी हुंगून पाहिली.