डोंगरावरचा कारकून

माणसाला एकदा कारकून म्हणून शिक्का बसला की तो कुठेही जावो, त्याच्या हातात वही येतेच. लग्नात आहेराची वही माझ्याकडे, गणपतीत वर्गणीची वही माझ्याकडे, आणि चाळिशी उलटल्यावर प्रथमच हौसेने डोंगर चढलो तर तिथेही वहीच. फरक एवढाच की या वहीत पैसे लिहायचे नव्हते, आवाज लिहायचे होते.

त्याचं असं झालं. आमच्या कन्येने केंद्र सरकारची परीक्षा देऊन हौशी बिनतारी संदेशवहनाचं लायसन्स काढलं. इतरांच्या मुली स्कूटरचं काढतात. या मंडळींना 'हॅम' म्हणतात. स्वतःचा सेट, स्वतःची एरिअल आणि 'व्ही यू'ने सुरू होणारं सरकारमान्य नाव. राजीव गांधी हॅम होते. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हीच मंडळी सेट घेऊन तिथे जाऊन बसली होती. एवढं ऐकून मी फॉर्मवर आनंदाने सही केली. ही विद्या शेवटी डोंगरावर नेते हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

"पप्पा, रविवारी मायक्रोवेव्हची स्पर्धा आहे. रामलिंगच्या डोंगरावर जायचंय."

"घरातला मिळणार नाही," आतून सौ.चा आवाज आला. "त्यात ढोकळा आहे."

मग कन्येने आम्हा दोघांना समजावून सांगितलं. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांब असतात. तिच्या लहरी जेमतेम पाच सेंटिमीटरच्या. अशा लहरींवर जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात लांबून घंटा वाजवून दाखवली होती. त्यांच्या लहरी तर हिच्याहूनही आखूड. या लहरी नाकासमोर चालणाऱ्या असतात. (इथे तिने माझ्याकडे पाहिलं.) झाड आलं, टेकडी आली, की अडल्या. शिरोळ तालुक्यात नाकासमोर पाहायला गेलं तर उसाखेरीज काही दिसत नाही. म्हणून उंचावर जायचं आणि समोरच्या उंचवट्यावर दुसरा हॅम बसवायचा. युरोपात दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी शेकडो लोक असे टेकड्यांवर जाऊन बसतात म्हणे. दोघांमध्ये जितके किलोमीटर, तितके गुण.

"आपल्या स्पर्धेत किती जण?"

"दोन संघ. ते दंडोबाच्या डोंगरावर, आपण आळत्याच्या रामलिंगवर."

"म्हणजे दुसरा नंबर नक्की," मी म्हणालो. माणसाने भलतं बोलू नये ते यासाठीच.

"ते कोण?" या प्रश्नाला मात्र "आहेत एक सीनिअर" एवढंच उत्तर मिळालं, आणि सौ. एकदम ढोकळा काढायला गेली. हिशोबात काहीतरी लपवलेलं असलं की मला लगेच वास येतो. त्या दिवशी ढोकळ्याचाच आला.

रविवारी पहाटे निघालो. सामान म्हणजे टीव्हीची जुनी साठ सेंटिमीटरची तबकडी, मोटरसायकलची बॅटरी, एक डबी एवढा सेट, पाण्याचे कॅन आणि लोखंडी तिवई. तिवई माझ्या खांद्यावर. वर पोचल्यावर हुकूम झाला, की तबकडीचा झोत फक्त सहा अंशांचा आहे, तेव्हा दिशा अचूक हवी. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश झाकते; आमचा झोत त्याच्याही आत. मी होकायंत्र तिवईवर ठेवून दिशा काढून दिली. तास गेला, दंडोबाकडून चकार शब्द नाही. मग कन्येच्या लक्षात आलं, की होकायंत्राची सुई उत्तर सोडून तिवईचं लोखंड दाखवते आहे. तासभर आम्ही इचलकरंजीला हाका मारत होतो.

माझं काम लिहिण्याचं. लायसन्स नसलेल्याने माइकला तोंड लावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. समोरचा तीन गोष्टी सांगणार: आपला आवाज कसा येतो त्याचे गुण, अनुक्रमांक आणि त्याचा चौकोन. या लोकांनी सगळी पृथ्वी चौकोनांत आखली आहे. रेखांशाचे दोन अंश, अक्षांशाचा एक, की झाला एक चौकोन. मला याचं नवल वाटलं नाही. आमचं जयसिंगपूर शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलं ते आखूनच. सरळ रस्ते आणि नंबरच्या गल्ल्या. आम्हाला पत्ता आकड्यांतच कळतो. आमचा चौकोन 'एम के ७६'. त्यात कोल्हापूरही येतं आणि सांगलीही. ही किमया आजवर कुठल्या पुढाऱ्याला साधलेली नाही.

होकायंत्र तिवईपासून लांब नेल्यावर खरखरीतून एक खाकरणं ऐकू आलं. आधी खाकरणं, मग शब्द.

ते खाकरणं मी जन्मापासून ओळखतो. आमच्या घरात असं खाकरून बोलणारा एकच माणूस. माझा थोरला भाऊ, अण्णा. मिरजेला असतो. त्याचं-माझं तीन वर्षं बोलणं नव्हतं.

वडिलांच्या पश्चात घराची वाटणी अर्ध्या तासात झाली होती. बिनसलं ते वडिलांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवरून. लहानपणी अण्णाने तो खोलला होता आणि मार मी खाल्ला होता. "तू तो परत खोलून ठेवशील," मी म्हणालो. "तुला वहीपलीकडे काय कळतं?" अण्णा म्हणाला, आणि रेडिओ उचलून घेऊन गेला. दोघांच्याही बायकांनी पुष्कळ समजावलं. पुढे त्यांनी समजावणं सोडून दिलं आणि एकमेकींना परस्पर फोन करू लागल्या. लायसन्सला अभ्यास कोणी घेतला हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी कन्येकडे पाहिलं. ती तबकडीकडे पाहत होती.

"फाइव्ह नाइन, झिरो झिरो वन, माइक किलो सेव्हन सिक्स," अण्णा सांगत होता. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. थोडा थकलेला वाटला. मला बोलायला बंदी, आणि नसती तरी काय बोललो असतो देव जाणे. मी वहीत डोकं घातलं आणि लिहिलं. नियमाप्रमाणे एका संघाशी एकच संपर्क धरतात. संघ दोनच, तेव्हा स्पर्धा संपली. आम्ही ढोकळा खाऊन खाली उतरलो.

संध्याकाळी दोन्ही वह्यांचे फोटो एकमेकांकडे गेले. नियम असा, की नोंदीत एक अक्षर चुकलं तरी चुकणाऱ्याचे सगळे गुण जातात. मी 'एम के ६७' लिहिलं होतं! म्हणजे अण्णाला दंडोबावरून उचलून चिपळूणच्या चौकोनात टाकलं होतं, आणि त्या चौकोनाचा बराचसा भाग अरबी समुद्रात आहे. 'सेव्हन सिक्स'चं मनात शहात्तर झालं, आणि शहात्तर लिहिताना आधी सहा आला. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून हे झालं नव्हतं. म्हणजे, सापडलं नव्हतं.

रात्री फोन वाजला. आधी खाकरणं.

"शहात्तर वजा सदुसष्ट किती रे?"

"नऊ," मी म्हणालो.

"अकाउंटात फरकाला नऊने भाग गेला तर काय समजायचं असतं?"

"आकडे उलटे पडले."

"मग बँकेतही असंच लिहितोस?"

"तू खाकरलास म्हणून चुकलं."

पलीकडे बराच वेळ खरखर. फोनची नव्हती, अण्णा हसत होता.

"रेडिओ खोललाय," तो म्हणाला.

"माहीत होतं मला!"

"दोन व्हॉल्व्ह गेलेत. येत्या रविवारी ये. मी खोलतो, तू कुठला स्क्रू कुठला ते लिहून ठेव. शाईने लिही, आणि आकडे मी तपासणार."