तिऱ्हाईत

मराठीत 'तिऱ्हाईत' असा एक शब्द आहे. तीन या संख्येशी त्याचे नाते उघड आहे. दोघांच्या व्यवहारात, भांडणात वा सलगीत ज्याचा काही संबंध नाही असा तिसरा तो तिऱ्हाईत. या शब्दाला दोन छटा आहेत आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच दूरच्या आहेत. ज्याच्यासमोर घरातले बोलू नये असा परका, ही एक. आणि ज्याच्याकडे विश्वासाने तंटा सोपवावा असा निःपक्षपाती, ही दुसरी. व्याकरणातला तृतीय पुरुषही याच कुळातला. बोलणारा पहिला, ऐकणारा दुसरा. आणि ज्याच्याविषयी बोलणे चालते, पण जो तिथे हजर असेलच असे नाही, तो तिसरा. हे सारे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. या तिसऱ्याची सर्वांत काटेकोर व्याख्या मात्र आम्हांला भेटली ती एका मोटारीच्या विम्याच्या कागदात.

आम्ही म्हणजे पती आणि पत्नी; दोघेही मराठीचे अध्यापक, पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आमचे घर फार लांब नाही. घरात आई आहेत. त्यांना दर आठवड्याला कल्याणच्या रुग्णालयात न्यावे लागते, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी लोकलचा जिना चढणे त्यांना अशक्य झाले आहे. म्हणून एक जुनी मोटार घ्यायचे ठरले आणि म्हणून या वयात आम्ही दोघे शिकाऊ झालो. कल्याणच्या परिवहन कार्यालयात संगणकासमोर बसून परीक्षा दिली. पंधरा प्रश्न, त्यांपैकी नऊ बरोबर आले की उत्तीर्ण. आयुष्यभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना ही अदलाबदल प्रकृतीला हितकारकच म्हणावी.

या परीक्षेच्या निमित्ताने रस्त्यावरच्या चिन्हांचे व्याकरण प्रथमच नीट वाचले. वर्तुळातली चिन्हे आज्ञा करतात, त्रिकोणातली सावध करतात आणि आयतातली माहिती देतात. म्हणजे वर्तुळ हा आज्ञार्थ, आयत हा स्वार्थ. आणि 'पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे, जपला नाहीत तर…' असे अर्धे वाक्य बोलून थांबणारा त्रिकोण हा संकेतार्थ. हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले तेव्हा क्रियापदाचे अर्थ त्यांच्या एरवीपेक्षा लवकर ध्यानात आले! असो. या परीक्षेच्या विषयांत आणखी एक विषय असतो : आपल्या वाहनाने कुणाला इजा झाली तर चालकाची कर्तव्ये कोणती. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात नेणे, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे, विमा कंपनीला माहिती देणे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १३४वे कलम हे सांगते. गाडी सुरू कशी करावी हे कळण्याआधी, गाडीखाली आलेल्या माणसाचे काय करावे, हे शिकाऊ माणसाला माहीत असले पाहिजे, असा या क्रमाचा अर्थ आम्ही लावला.

आईंचीही अट नेमकी हीच होती. "गाडी घ्या, माझी ना नाही," त्या म्हणाल्या; "पण रस्त्यावरच्या माणसाचं काय, ते आधी मला सांगा."

या अटीमागे अण्णा आहेत. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील व दुसरीचे सासरे. ते इथल्या एका कारखान्यात फिटर होते आणि कल्याण-बदलापूर रस्त्याने सायकलवरून कामावर जात. १९९१ साली एका टेम्पोने त्यांना मागून धडक दिली. पाय दोन ठिकाणी मोडला आणि कायमचा आखूड झाला. टेम्पो चालवणारा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्याकडे शिकाऊ परवाना होता आणि शेजारची जागा रिकामी होती. ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल झाला, तेव्हा वकिलांनी समजावून सांगितले, "काका, विम्याच्या भाषेत तुम्ही थर्ड पार्टी." अण्णांनी विचारले होते, "पाय माझा मोडला, आणि मी तिसरा?" घरात हे वाक्य पुढे अनेक वर्षे विनोद म्हणून सांगितले जाई. त्यात विनोद किती होता, हे आता त्या कागदाशी बसल्यावर कळते.

विम्याचा करार दोघांमध्ये होतो. गाडीचा मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा. पैसे पहिला भरतो, वचन दुसरा देतो. पण कायद्याच्या १४६व्या कलमाने जो विमा सक्तीचा केला आहे, तो या दोघांपैकी कुणासाठीही नाही. तो रस्त्यावरच्या तिसऱ्यासाठी आहे. आपल्या गाडीला पोचा आला, ती चोरीला गेली, पुरात बुडाली, तर त्याची भरपाई देणारा विमा ऐच्छिक आहे; घ्या अथवा घेऊ नका. तिसऱ्याचा विमा नसताना गाडी रस्त्यावर आणणे मात्र गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खाजगी मोटारीच्या पॉलिसीत साधारणतः साडेसात लाखांची मर्यादा लिहिलेली असते. त्याच्या जिवाला आणि देहाला असा ठरलेला आकडा लिहिलेला नसतो. न्यायाधिकरण ठरवील तो आकडा. जो करार करताना हजर नव्हता, ज्याने सही केली नाही, ज्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही, अशा माणसाच्या नावे केलेला हा करार आहे. नायकाचे नाव शेवटपर्यंत न सांगणाऱ्या कादंबऱ्या आम्ही शिकवल्या आहेत. पण नायक कोण हे लेखकालाही माहीत नाही अशी संहिता आम्हांला तरी ही एकच आढळली.

हा तिसरा नेमका कोण, याचेही बारकावे आहेत. केवळ कायद्यापुरती पॉलिसी घेतली, तर आपल्याच गाडीत बसवून घेतलेला पाहुणा तिच्यात तिसरा धरला जात नाही. त्याच्यासाठी अधिक व्यापक, म्हणजे 'पॅकेज' पॉलिसी घ्यावी लागते. परक्याची हमी सक्तीची आणि पाहुण्याची ऐच्छिक, हे आतिथ्याच्या आपल्या कल्पनांना विचित्र वाटेल. पण पाहुणा निदान आपल्या इच्छेने आत बसलेला असतो. सायकलवरच्या माणसाला कुणी विचारलेले नसते.

पॉलिसी इंग्रजीत असते. तिच्यातले 'चालक' हे कलम आम्ही आईंना मराठीत करून वाचून दाखवले. अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध परवाना असला पाहिजे आणि तो परवान्यास अपात्र ठरलेला नसावा, असे ते कलम प्रथम म्हणते. मग त्यात आणखी एक वाक्य येते : वैध शिकाऊ परवाना असलेली व्यक्तीही हे वाहन चालवू शकेल, मात्र तिने १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसऱ्या नियमाची पूर्तता केलेली असावी. हा तिसरा नियम लहानसा आहे. शिकाऊ चालकाचा परवाना वैध असावा. त्याच्यासोबत पूर्ण परवानाधारक शिकवणारा असावा, आणि तो गाडी ताब्यात घेऊ शकेल वा थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावा. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात 'एल' हे अक्षर असावे. पाटी किमान अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षराची उंची किमान दहा सेंटिमीटर, जाडी दोन आणि तळाची रुंदी नऊ.

आईंनी सेंटिमीटरांपर्यंत सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे त्या दिवशी शेजारी कुणी बसलेलं असतं तर?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. शेजारी कुणी असते तर कदाचित ब्रेक लागला असता. आणि ब्रेक लागला नसता, तरी पुढची चौदा वर्षे वाचली असती. कारण तो दावा अडला होता तो याच रिकाम्या जागेवर. विमा कंपनीचे म्हणणे असे की, शिकाऊ मुलगा एकटा गाडी चालवत होता, म्हणजे पॉलिसीची अट मोडली. अट मोडली म्हणजे आमची जबाबदारी संपली. मालकाजवळ तो एक टेम्पो सोडून काही नव्हते. १९९८मध्ये न्यायाधिकरणाने अण्णांच्या बाजूने निर्णय दिला आणि कंपनी अपिलात गेली. शिकाऊ परवान्याच्या प्रश्नावर तेव्हा न्यायालयांच्या निर्णयांतही एकवाक्यता नव्हती. जानेवारी २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग या प्रकरणात निकाल दिला. शिकाऊ परवाना हाही कायद्याच्या दृष्टीने परवानाच आहे, असे त्यात म्हटले. नुसती अट मोडल्याचे दाखवून कंपनीला सुटता येणार नाही. मालकाचा दोष आणि त्या अटभंगाचा अपघाताशी असलेला संबंध तिने सिद्ध केला पाहिजे. शिवाय योग्य प्रकरणी कंपनीने तिसऱ्याला आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. पहिल्या-दुसऱ्याचे भांडण त्यांनी आपसात मिटवावे. तिसऱ्याने त्यासाठी ताटकळू नये, हा त्याचा मथितार्थ. अण्णांना पैसे मिळाले २००५मध्ये. तोवर त्यांचा मुलगा एम.ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवू लागला होता. २०१२ साली अण्णा गेले.

आमच्या शेजारचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे १०६० सालचे. तिथल्या शिलालेखात शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेख येतो. उत्तर कोकणातल्या त्या काळच्या दानलेखांचा शेवट विद्यार्थ्यांना नेहमीच गमतीचा वाटतो. दान मोडील त्याला दिलेली शापवाणी आणि कुठे कुठे दगडावर कोरलेली गाढवाची अभद्र आकृती, म्हणजेच 'गधेगाळ'. ती अटभंगाची कलमेच आहेत. शासनाला आपला हात भविष्यात पोहोचणार नाही हे ठाऊक असते, तेव्हा ते शापाचा आधार घेते. एक फरक मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. शाप अट मोडणाऱ्याला शिक्षा देतो. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती काही ठेवत नाही. 'आधी द्या, मग वसूल करा' या रूक्ष सूत्राने नऊशेचव्वेचाळीस वर्षांनंतर ती उणीव भरून काढली, असे म्हणायला हरकत नसावी.

देहाची किंमत कशी ठरते, हेही या निमित्ताने वाचले. मृत्यूच्या दाव्यात वार्षिक उत्पन्नातून मृताचा स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला वयानुसार एका अंकाने गुणतात. २००९च्या सरला वर्मा निकालाने हे गुणक ठरवून दिले आहेत : पंधरा ते पंचवीस वयाला १८, एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाला १४, पासष्टीपुढे ५. आमच्यापैकी एक सध्या चौदाच्या रांगेत आहे, दुसरा नुकताच तेराच्या रांगेत गेला आहे. हा कोठा पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला. पण असा कोठा नसता तर प्रत्येक घराला आपल्या माणसाची किंमत वकिलाच्या वक्तृत्वावर सोपवावी लागली असती. रूक्षतेतही एक प्रकारची समदृष्टी असते, हे साहित्याच्या अध्यापकांनी कबूल करायला हवे.

प्रशिक्षण केंद्राच्या दुहेरी ब्रेक असलेल्या गाडीतले धडे संपले आहेत. आता रविवारी पहाटे आम्ही आपल्या गाडीत शिकतो. शेजारी बसतात ते आमच्या इमारतीतले निवृत्त एस.टी. चालक, त्यांचा एक हात सदैव हँडब्रेकवर. "मॅडम, पुस्तक पाठ झालं ना? आता आरसा वाचा," हे त्यांचे पालुपद. कल्याण-बदलापूर रस्त्यावर पहाटेही तिऱ्हाइतांची कमी नसते : पहिल्या पाळीला निघालेले सायकलस्वार, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, उल्हासनगरच्या बाजूने येणारे हातगाडीवाले, मंदिराकडे अनवाणी चाललेल्या बाया. २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकलेले आहे. कायद्याच्या परिभाषेतला अमूर्त 'तिसरा' तिथे असा नामनिशाणीवार भेटतो. काका या साऱ्यांकडे बोट दाखवून एवढेच म्हणतात, "त्याला आपण दिसत नाही असं धरून चला."

मागून हॉर्न वाजतात. शिकाऊ गाडीमागे हॉर्न वाजवून काय साधते, हे आम्हांला कळलेले नाही; पण ते तांबडे अक्षर वाचूनही वाजवणारे बरेच आहेत. काका म्हणतात, "वाजवू द्या. पाटी त्यांच्यासाठी आहे, घाई त्यांची आहे."

आई अजून गाडीत बसलेल्या नाहीत. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही, आणि त्यांचे म्हणणे असे की, चाचणी झाल्यावरच बसू. त्यांना तोवर रिक्षा चालते. रविवारी आम्ही खाली उतरण्याआधी मात्र त्या जिन्याचा कठडा धरून आमच्या पुढे खाली जातात आणि ओल्या फडक्याने मागच्या काचेवरची पाटी पुसून ठेवतात. मग पुढे येऊन पुढचीही.