स्टिअरिंगच्या दांड्याचा आधार

स्टिअरिंगचा दांडा ज्या आधारावर उभा असतो, त्याच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. रोजच्या वापरात त्याने तसूभरही हलू नये, आणि समोरून धडक बसली की ठरावीक दिशेने मुकाट्याने वाट सोडावी. घरी मोटार बांधणाऱ्या कारागिराला पहिली अपेक्षा उपजतच कळते. दुसरी बहुधा त्याच्या ध्यानात येत नाही, आणि म्हणून तो जाड पट्टी घेतो, चारही बाजूंनी वेल्डिंग मारतो आणि काम पक्के झाले असे मानतो.

अशा गाड्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील सुट्या भागांतून बांधलेली छोटी जीप २०२१च्या डिसेंबरात देशभर गाजली आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. मात्र ती जीप नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते. इंग्लंडमध्ये १९५७ सालची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकली जाई व ग्राहक ती घरी जोडत. आपल्याकडे तसा तयार संच क्वचितच मिळतो, त्यामुळे मारुती ८००ची रॅक (पुढची चाके वळवणारी दातेरी पट्टी), दुसऱ्याच गाडीचा दांडा आणि तिसऱ्याच गाडीचे स्टिअरिंगचे चाक अशी मोट बांधावी लागते. आधाराचा प्रश्न उभा राहतो तो इथेच, कारण मूळ कारखान्याने दांड्यासाठी केलेली जागा नव्या चासीत नसते.

दांडा वर डॅशबोर्डाखाली आणि खाली फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन व केबिन यांमधील पत्र्यापाशी, अशा दोन ठिकाणी धरलेला असतो. त्यावर सर्वांत मोठा भार गाडी वळवताना येत नाही. चालक चाकाला धरून सीटवरून उठतो तेव्हा तो येतो. वरचा आधार चाकापासून २५ सेंटिमीटरवर व खालचा त्यापुढे ५० सेंटिमीटरवर असेल आणि चालकाने चाकाला ३० किलोचा जोर दिला, तर वरच्या आधारावर ४५ किलो आणि खालच्यावर उलट दिशेने १५ किलो भार येतो. हेच दोन आधार एकमेकांपासून २५ सेंटिमीटरवर बसवले, तर तेच आकडे ६० आणि ३० होतात. म्हणून पट्टीची जाडी वाढवण्याआधी आधारांमधले अंतर वाढवावे. आणि वरचा ब्रॅकेट नुसत्या डॅशच्या पत्र्याला न अडकवता दोन्ही दरवाजांच्या खांबांना जोडणाऱ्या आडव्या नळीला, तिरका टेकू देऊन, बसवावा.

दांडा सरळ रॅकपर्यंत पोहोचत नसेल तर मध्ये क्रॉस जॉइंट, म्हणजे कोनातून फिरवण्याची शक्ती पुढे देणारे सांधे, घालावे लागतात. दोन सांधे असतील तर मधला तुकडा दोन्ही टोकांना धरलेला असल्याने त्याला वेगळा आधार लागत नाही. तीन सांधे झाले की मधला सांधा मोकळा पडतो आणि चाक फिरवताच हवेत गोते खाऊ लागतो. तेव्हा मधल्या दोन तुकड्यांपैकी एकाला बेअरिंग द्यावेच लागते. ते स्वतःहून कोन जुळवून घेणारे असावे, कारण खड्ड्यात चासी पिळवटते आणि ताठ बुश असेल तर दांडा अडकतो. सांध्यांची दिशाही महत्त्वाची असते. ३० अंशांच्या कोनात एकटा सांधा फिरण्याचा वेग सुमारे १५ टक्के कमी-जास्त करतो. मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना असलेले सांध्यांचे काटे (दुशिंगी टोके) एकाच पातळीत असले आणि दोन्ही कोन सारखे असले तर हा फरक मिटतो, आणि काटे काटकोनात बसले तर तो वाढून स्टिअरिंग एका फेऱ्यात दोनदा हलके व दोनदा जड लागते. अशा वेळी आधार वाकडा बसल्याचा संशय घेऊन बेअरिंग बदलत बसणारे मिस्त्री कमी नाहीत.

फिरणाऱ्या दांड्यावर मात्र वेल्डिंग करू नये. आच लागलेल्या जागी पोलाद ठिसूळ होऊ शकते, आणि तो सांधा तुटला तर गाडी कोणाच्याच हातात राहत नाही. लांबी कमी-जास्त करायची असेल तर स्प्लाइनचे, म्हणजे खाचांचे, जोड वापरावेत. पर्जन्यछायेतल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: कच्च्या रस्त्याची धूळ उघड्या बुशातल्या ग्रीसमध्ये मिसळली की तिचा घासणारा लगदा होतो, म्हणून खालच्या आधाराला दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंग आणि बाहेरून रबरी टोपी हवी.

आता दुसरी अपेक्षा, धडकेत वाट सोडण्याची. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती मोटार आहे. तिच्या काळच्या मोटारींत स्टिअरिंगचा दांडा ताठ, एकसंध आणि थेट चालकाच्या छातीवर रोखलेला असे. जनरल मोटर्सने १९६७च्या गाड्यांत धडकेत दबणारा दांडा आणला, तर अमेरिकेच्या नियमांनी १९६८पासून ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या समोरच्या धडकेत दांडा १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे सरकू नये अशी मर्यादा घातली. धडकेत दबणाऱ्या अनेक दांड्यांच्या वरच्या ब्रॅकेटला चालकाच्या बाजूने उघड्या खाचा असतात व त्यांत प्लॅस्टिकच्या बारीक पिनांनी धरलेले तुकडे बसवलेले असतात. चालकाची छाती चाकावर आदळली की पिना तुटतात, ब्रॅकेट पुढे निसटतो आणि नळीत नळी शिरून आघात जिरतो. भंगारातून आणलेल्या दांड्याचे हे तुकडे ढिले वाटले म्हणून काढून टाकणे, त्या जागी मोठा वॉशर घालून बोल्ट आवळणे, किंवा दबणाऱ्या नळीवरच क्लॅम्प मारणे, ही या कामातील सर्वांत घातक मजबुती होय. आधार आडव्या व उभ्या दिशेने कितीही ताठ करावा. दांड्याच्या लांबीच्या दिशेने मूळ कारखान्याने ठेवलेली मोकळीक तशीच राखावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९८ स्टिअरिंगच्या चाकात ३० अंशांपर्यंत ढिलाई चालवून घेतो. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ती कडेला सुमारे १० सेंटिमीटर भरते. वापरून झिजलेल्या वाहनासाठी ही शेवटची हद्द आहे. नव्याने बांधलेल्या गाडीत तिच्या जवळपास जाणेही लाजिरवाणे मानावे. त्याच नियमात सांध्यांचे बोल्ट व पिना निसटणार नाहीत अशा रीतीने अडकवण्याचीही अट आहे, आणि स्प्लिट पिनेने ती अवघ्या काही रुपयांत पाळता येते.

नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला वाहनाचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि अशा संस्थांपैकी एक, संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास आस्थापना, अहिल्यानगर जिल्ह्यातच वाहननगरला आहे. एकट्या गाडीसाठी ती वाट हौशी कारागिराला परवडणारी नाही. तेव्हा ज्यांनी गाडी बांधली आहे त्यांनी ती स्वतःच्या शेतात व आवारातच चालवावी, आणि तिथेही पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी चाक वर-खाली, पुढे-मागे हलवून आधार नेमका कुठे हलतो ते दुसऱ्या माणसाला खाली वाकून पाहायला सांगावे.