बिनतारीची तार

मुंबईकराला वसईची केळी ठाऊक असतात, वसईचा किल्ला ठाऊक असतो, आणि विरारची गाडी तर इतकी ठाऊक असते की तिच्याविषयी न बोललेलेच बरे. पण विरारला उतरून, पश्चिमेकडच्या उंच इमारतींची गर्दी मागे टाकून, बोळिंज-आगाशीच्या अंगाला वळले की नंदाखाल लागते, हे फारसे कोणाला सांगता येत नाही. मराठीच्या मास्तराला मात्र हे नाव चुकत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२४ साली गेले. यापूर्वी मी एकदा नंदाखालला गेलो होतो तो याच ओढीने. चर्चच्या आवारात घटकाभर बसलो, पानवेली आणि केळीच्या बागा पाहिल्या, एका बावखलाच्या काठी उभा राहून पाण्यात शेवाळ आहे की आभाळ आहे याचा विचार केला आणि परत आलो.

या खेपेचे निमित्त साहित्याचे नव्हते. माझी एक माजी विद्यार्थिनी तिथली. वर्गात ती मागच्या बाकावर बसे. निबंध नेटका लिही, पण चेहऱ्यावर असा भाव, की खरे काम घरी वाट पाहते आहे. ते काम कोणते, हे पदवी हाती पडल्यावर तिने सांगितले. "सर, मी रेडिओ बांधते."

"ऐकतेस," मी म्हणालो.

"नाही सर, बांधते. ऐकते आणि बोलतेही. एकदा या बघायला."

अशा माणसांना इंग्रजीत 'हॅम' म्हणतात आणि आपण 'हौशी रेडिओवाले' म्हणतो. आपला शब्द मला अधिक आवडतो. निर्मळच्या जत्रेला जातात त्यांत हौशे, नवशे आणि गवशे असे तिन्ही असतात. या छंदात नवस करून काही मिळत नाही आणि गवसण्यासारखे धनही नाही, तेव्हा उरतात ते निव्वळ हौशे. पण हौस झाली तरी ती परवान्याची आहे. केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, बारा वर्षे पुरी झालेल्या कोणालाही बसता येते, आणि वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स लिपी घेता आणि देता यावी लागते. उत्तीर्ण झालेल्याला स्वतःचे एक सांकेतिक नाव मिळते. वरच्या श्रेणीचे व्हीयू२ ने सुरू होते, खालच्या श्रेणीचे व्हीयू३ ने. माझ्या विद्यार्थिनीला पहिल्या खेपेसच व्हीयू२ मिळाले. मोर्स तिला घरात शिकायला मिळाली होती. कशी, ते पुढे सांगतो.

त्यांचे घर वाडीत आहे. दोन्ही बाजूंना केळी, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे दोन उंच माड. त्या माडांच्या मध्ये एक बारीक तांब्याची तार ताणलेली होती. "ही आमची एरियल," ती म्हणाली. मी म्हटले, "बिनतारी म्हणायचे आणि वीस मीटर तार बांधायची, हे काय गौडबंगाल?" ती हसली. तिचा संच चाळीस मीटर लहरींवर चालतो. तारेची लांबी लहरीच्या निम्मी हवी, म्हणून दहा-दहा मीटरचे दोन पंख. माड वाऱ्याने डुलतात, तेव्हा तार तुटू नये म्हणून एका टोकाला कप्पी लावून दोरीला वीट बांधलेली आहे. माड झुकला की वीट वर जाते, सरळ झाला की खाली येते. नारळ उतरवणाऱ्या गड्याने ती कप्पी वर नेऊन बसवली आणि खाली येऊन एकच प्रश्न विचारला, "यावर टीव्ही दिसेल का?" नाही म्हटल्यावर त्याने जे तोंड केले, त्यात या सगळ्या उद्योगावरची गावाची टीका आली.

विहिरीजवळच्या खोलीत पूर्वी शेतीची अवजारे असत. आता तिथे टेबल, डाख देण्याची तापती सळई, मोटारीची बॅटरी आणि एक पत्र्याचा डबा. हा डबा म्हणजे संच. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३ च्या सुमारास 'बिटएक्स' नावाचा आराखडा तयार करून सर्वांसाठी खुला केला आणि जगभरच्या हौशांनी तो डोक्यावर घेतला. पुढे हैदराबादेतल्या बायकांच्या हातांनी त्याच घराण्यातले तयार संच बनू लागले आणि परदेशी जाऊ लागले. पण मूळ आराखड्याची गंमत अशी, की गल्लीतल्या दुकानात जे मिळत नाही ते त्यात मागितलेलेच नाही. वेटोळी गुंडाळायला विशिष्ट कडी मिळत नाहीत? मग नळाचा रबरी वॉशर घ्या. चाळणीसाठी महागडे स्फटिक परवडत नाहीत? संगणकात वापरतात तसले स्वस्तातले घ्या. उरलेसुरले लॅमिंग्टन रोडवर मिळते. तिने वॉशर आगाशीच्या नळाच्या सामानाच्या दुकानातून आणला होता.

आत काय चालते ते तिने मला दोनदा समजावले, आणि दुसऱ्या खेपेस ते मला वसईच्या भाषेत कळले. खाडी एकच असते. भरतीला पाणी आत येते, ओहोटीला त्याच वाटेने बाहेर जाते. या संचाचे तसेच आहे. ऐकताना आकाशातला सूक्ष्म तरंग ज्या पायऱ्यांनी आत येऊन कर्ण्यापर्यंत पोचतो, बोलताना आवाज बहुतेक त्याच पायऱ्या उलट्या चढून तारेवर जातो. मधली स्फटिकांची चाळणी दोन्ही वेळा तीच. त्यामुळे सामान निम्मे लागते आणि खर्चही. शेवटी तारेवर जाते ती शक्ती सहा-सात वॅट. ओसरीवरचा दिवासुद्धा याहून जास्त खातो, आणि एवढ्याशा बळावर ही पोरगी केरळपर्यंत बोलते.

बांधणे सोपे, बांधलेले चालू करणे हा खरा अभ्यासक्रम. पहिल्या दिवशी तिने बॅटरी जोडली तर संच ठार मुका. अशा वेळी नवशिका सगळे उपटून पुन्हा लावतो आणि एका दोषाचे चार करतो. तिने तसे केले नाही. कर्ण्याकडून मागे मागे चालत गेली. आवाजाच्या बटणाच्या पायाला सळईचे टोक लावले, घूं झाले. म्हणजे शेवटची पायरी जिवंत. एक पायरी मागे, पुन्हा टोक, पुन्हा घूं. आणखी मागे गेल्यावर घूं झाले नाही. म्हणजे चोर या दोन घरांच्या मध्ये. तिथे एक वेटोळे होते. या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो, तो पात्याने खरवडल्याशिवाय डाख धरतो असे दिसते, पण धरत नाही. वरून सुबक, आतून कोरडा. कल्हईवाला भांडे आधी घासून, नवसागर टाकून, मगच कथील का फिरवतो ते मला लहानपणी कळत नसे. धातूला धातू भेटायचा तर मधला मळ जावा लागतो. तिने तार खरवडली, राळ लावून पुन्हा डाख दिला, आणि डब्यातून समुद्राच्या गाजेसारखा आवाज आला.

त्या आवाजाला पहिली दाद दिली ती आजोबांनी. मोर्सची शाळा ती हीच. आजोबा ऐंशीच्या पुढचे. उमेदीची सगळी वर्षे व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून गेली. जहाजावर या माणसाला 'मार्कोनी' म्हणत. मिनिटाला वीस-पंचवीस शब्द ते कानाने घेत आणि हाताने टिपत. १ फेब्रुवारी १९९९ पासून सागरी संकटसंदेशांची नवी, उपग्रहांची व्यवस्था जगभर पूर्णपणे लागू झाली आणि जहाजांवरची मोर्स संपली. तारायंत्राची किल्ली आजोबांनी घरी आणली होती. ती वीसएक वर्षे कपाटात, फडक्यात गुंडाळलेली होती. नात शिकू लागली तेव्हा ती टेबलावर आली.

पण ती नुसती शिकवण्यापुरतीच. कारण वयाने आजोबांचे कान गेले होते. सगळे नव्हेत, वरच्या पट्टीचे. बायकांचा बारीक आवाज, पाखरे, फोनची घंटा, हे सगळे त्यांना सोडून गेले होते, आणि मोर्सची शिट्टीही त्यांना नीट ऐकू येत नसे. ऐकण्याचे यंत्र लावले तर केळीच्या पानांचा सळसळाट तेवढा मोठा होई. घरातली माणसे त्यांच्याशी ओरडून बोलत, आणि ओरडून बोलायचे म्हणजे फार थोडे बोलायचे, हे ओघानेच आले. दिवसेंदिवस ते गप्प होत चालले होते. संचाच्या पुढच्या सगळ्या सुधारणा नातीने केल्या त्या यासाठी, हे ती स्वतः सांगत नाही. तिच्या आईने मला चहा देताना सांगितले.

पहिली सुधारणा स्थैर्याची. जुन्या पद्धतीचा आंदोलक उन्हाने तापला की केंद्र हळूहळू सरकते. माणूस बोलता बोलता सुराबाहेर जातो आणि बटण फिरवत त्याच्या मागे धावावे लागते. आजोबांच्या थरथरत्या बोटांना ते जमेना. तिने त्या जागी आर्डुइनो नॅनो नावाची चिमुकली पाटी आणि अंकांनी चालणारा आंदोलक बसवला. आता केंद्र जिथे ठेवावे तिथे राहते. दुसरी सुधारणा किल्लीची. किल्ली दाबली की शुद्ध स्वर उमटून मायक्रोफोनच्या वाटेने बाहेर जातो. तिसरी मला सर्वांत सुंदर वाटली. तिने पाचशे कंपनांच्या आसपासचा स्वर तेवढा पुढे सोडणारी एक चाळणी कर्ण्याच्या अलीकडे बसवली. शिट्टी खालच्या पट्टीत आली, आजूबाजूची खरखर गेली. गवयाचा गळा उतरला की पेटीवाला पट्टी उतरवतो, यापलीकडे त्यात काही नाही. त्या दिवशी आजोबांनी कानाला हेडफोन लावले आणि समोरच्या कागदावर, कोणी न सांगता, अक्षरे टिपू लागले.

आता घरातले दुखण्याचे निदानही आजोबाच करतात. गेल्या पावसाळ्यात संच बहिरा झाला. नात डबा उघडणार, एवढ्यात त्यांनी एरियलची जोडणी काढायला सांगितली, पुन्हा लावायला सांगितली. खरखरीत काडीचाही फरक पडला नाही. "आत बरं आहे. बाहेर बघ," ते म्हणाले. तार खाली उतरवली तर मधल्या सांध्यात तांबे हिरवे-काळे झालेले. अर्णाळ्याची खारी हवा इथवर पोचते. आता दर पावसाळ्याआधी तो सांधा घासून, नवा डाख देऊन, मेणकापडात गुंडाळतात. वाडीतल्या पंपाची जशी डागडुजी असते तशी ही.

आजोबा आणि नात एकमेकांशी कादोडीत बोलतात. सामवेदी समाजाची ही बोली मराठीच्या मास्तरालाही सगळी कळत नाही. हौशी रेडिओवर गुप्त भाषा चालत नाही, सारे उघड बोलायचे असते, असे तिने सांगितल्यावर मी विचारले, "मग कादोडी चालते का?" आजोबांच्या कानाशी तिने तो प्रश्न नेला. ते म्हणाले, "ती गुप्त कुठे? ऐकायला या म्हणावं नंदाखालला."

गुप्तवरून मला आठवले. १९४२ च्या ऑगस्टात बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचे यंत्र उभे करणारे नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी रेडिओवाले. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने असे परवाने काढून घेतले होते. १२ नोव्हेंबरला धाड पडेपर्यंत ते केंद्र जागा बदलत बोलत राहिले. त्याची लहर होती ४२.३४ मीटर. तिने बटण फिरवून ती जागा मला दाखवली. हौशांच्या आजच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातच ती येते. तिथे त्या क्षणी दोन गृहस्थ आपापल्या बॅटऱ्यांविषयी बोलत होते.

संध्याकाळी मात्र काहीच धड ऐकू येईना. बोळिंजच्या बाजूला दिवे लागले. प्रत्येक स्वस्त दिवा, प्रत्येक चार्जर, प्रत्येक इन्व्हर्टर थोडी थोडी खरखर आकाशात सोडतो, आणि दूरचा बारीक आवाज तिच्यात बुडतो. दर वर्षी शहर थोडे जवळ येते आणि संच थोडा बहिरा होतो. या दोषावर तिच्याकडे डाख नाही. वाडी विकायची की राखायची, याची चर्चा घरात अधूनमधून होते असे दिसले. पाहुण्याने त्यात पडू नये.

मग साडेसातला वीज गेली. आईने देवाचे नाव घेतले, आणि नात व आजोबा दोघेही एकदम उठले. मला कळेना. विहिरीजवळच्या खोलीत मेणबत्ती लागली, बॅटरी जोडलेलीच होती. खरखर कोणी पुसून टाकावी तशी गेली होती. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वीज गेली आणि घरातले फोन एकामागून एक मेले, तेव्हा ही अकरावीत होती. त्या अंधारात आजोबांनी तिला सांगितले होते, की समुद्रात असतो तर एव्हाना चार जहाजांशी बोलून झाले असते. संच बांधायचे तिने तेव्हाच ठरवले.

आजोबांनी किल्लीवर हात ठेवला. टेबलावर थरथरणारा तो हात किल्लीवर अजिबात थरथरत नव्हता. त्यांनी साद घातली, थांबले, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी कोणीतरी उत्तर दिले. नात माझ्यासाठी कागदावर अर्थ लिहीत होती. पलीकडचा गृहस्थ दक्षिणेकडचा. तुमची खूण स्वच्छ येते म्हणाला, हवामान सांगितले, यंत्र कोणते म्हणून विचारले. आजोबांनी कळवले, घरी बांधलेले, सहा वॅट. मग त्याने आणखी काही विचारले आणि आजोबा जरा थांबले.

"काय म्हणतो?" मी विचारले.

"म्हणतो, ही जहाजावरची ढब आहे," नात म्हणाली. "कुठल्या जहाजावर होता?"

पुढचे तिने लिहिले नाही. आजोबांनी पाऊण तास किल्ली सोडली नाही. सव्वाआठला वीज आली, तसे ते ओरडले, "ओसरीवरचा दिवा घालवा कुणीतरी!" आईने दिवा घालवला आणि आमची पाने आत स्वयंपाकघरात मांडली.